बलिया : फुलसावंगी पट्ट्यातील बंजारा बांगड्यांचा इतिहास

बलिया म्हणजे बंजारा स्त्रीच्या हातातल्या पांढऱ्या, रुंद बांगड्या, आधी हस्तिदंताच्या आणि आता प्लास्टिकच्या. मनगटापासून कोपरापर्यंत एकाला एक लागून भरलेल्या या बांगड्या, आणि कोपराच्या वर दंडावर चढवलेला चुडो, हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात पिढ्यानपिढ्या डोळ्यांना सवयीचे झालेले दृश्य होते. महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे याच भागातले बाजाराचे गाव. पुसद, उमरखेड आणि पैनगंगेपलीकडचे माहूर या तिन्हींच्या मधला हा पट्टा तांड्यांचा आहे. राज्याचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक जवळच्याच गहुलीचे आणि समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी शेजारच्या वाशीम जिल्ह्यात. त्यामुळे बलियाचा इतिहास सांगायला याहून योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

सोन्याचांदीच्या हिशेबात आताच्या बलियाला किंमत नाही. मोडायला नेली तर सोनार ती काट्यावर ठेवणारही नाही. आजच्या बाजारभाषेत बोलायचे तर ती बेन्टेक्सच्या पंगतीत बसते. तरीही बंजारा स्त्रीच्या अंगावरच्या घुगरी, टोपली, हासली, भुरिया या चांदी-सोन्याच्या दागिन्यांपेक्षा तिच्या हातातली ही पांढरी रांगच दुरून आधी ओळखू येई. मोल धातूत नसून घालण्यात असलेल्या दागिन्याचे हे ठळक उदाहरण आहे.

दख्खनमध्ये हातभर बांगड्या घालण्याची चाल जुनी आहे. सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननात शंखाच्या आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळतात. तेर आणि भोकरदन येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तींवरून मराठवाड्यात हस्तिदंताचे काम पोहोचले होते हे दिसते. बहमनी काळातल्या थरांत तर रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे विपुल आहेत. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावर 1969 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या बांगड्यांची नीट दखल घेतली आहे. शेतकरी समाजाने पुढे काच पत्करली. बंजाऱ्यांनी मात्र हस्तिदंताची राजस्थानी रीत सोबत आणली आणि टिकवली.

हा हस्तिदंत बहुतांशी भारतातला नव्हता. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतले सुळे झांझिबारला जमा होत, आणि तिथल्या कच्छी व्यापाऱ्यांमार्फत मुंबईला व मांडवीला उतरत. आफ्रिकी हत्तीचा सुळा आकाराने मोठा, त्यामुळे बांगडीला तोच सोयीचा. सुळ्याचा टोकाकडचा भाग भरीव असतो, आणि युरोपात बिलियर्डच्या चेंडूंसाठी त्याला मागणी होती. मुळाकडचा भाग आतून पोकळ असतो. बांगडीसाठी हा पोकळ भाग जणू तयार नळकांडेच होते. कारागीर ते आडवे कापून एकेक कडे काढी, मग खरादावर चढवून आतबाहेर घोटून घेई. सुळा मुळापासून टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून एकाच सुळ्यातून निघालेली कडीही क्रमाने लहान होत जात. कोपराजवळ मोठी आणि मनगटाशी लहान, असा जो उतार हातावर दिसतो तो सुळ्यानेच घालून दिलेला आहे. घोटून झाल्यावर काही कड्यांवर मध्ये ठिपका आणि भोवती वर्तुळ अशी नक्षी कोरली जाई व खाचांत रंग भरला जाई. पाली, जोधपूर, मेडता ही मारवाडातली गावे या कामासाठी नावाजलेली होती. तिथल्या चुडीगरांनी हे काम घराण्यात राखले. त्यांची नावे मात्र कड्यांवर आढळत नाहीत.

वऱ्हाडात ही बांगडी बंजाऱ्यांच्या लदेणीबरोबर आली. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशभर फिरवणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय. फौजांना रसद पुरवणारेही तेच. 1803 साली आर्थर वेलस्लीने दख्खनची मोहीम चालवून वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड जिंकले, त्या मोहिमेत धान्यपुरवठ्याचा मोठा भार बंजाऱ्यांच्या तांड्यांवर होता. सतत चालत्या माणसांना घर बांधून संपत्ती साठवता येत नाही, ती अंगावरच वागवावी लागते. बांगड्या हा त्या संपत्तीचा भाग होता आणि ओळखीचाही. कोपरावरचा चुडो सौभाग्याचा असे आणि पतीच्या निधनानंतर तो उतरवला जाई.

या समाजावरचे सुरुवातीचे सविस्तर लेखन वऱ्हाडातच झाले. वऱ्हाड पोलीस खात्यातले एन. एफ. कंबरलेज यांनी बंजाऱ्यांवर लिहिलेली पुस्तिका 1882 साली छापली गेली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यातल्या बंजारा प्रकरणाला कंबरलेजच्या माहितीचा मोठा आधार आहे. दोन्ही लेखनांवर त्या काळच्या सरकारी नजरेची छाप आहे, आणि पोलीस अधिकाऱ्याने लिहिलेले वर्णन वाचताना हे विसरून चालत नाही. तरी पेहराव आणि दागिने यांच्या तपशिलांसाठी ती आजही चाळावी लागतात.

लदेणी बुडाली ती रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी 1867 साली नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या पाठीवरचे मीठ महाग वाटू लागले. पुढे 1871 साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांचा जाच आला. ते 1952 साली रद्द होईपर्यंत अनेक तांड्यांना हजेरी आणि संशय यांखाली जगावे लागले. व्यापारी तांडे शेतमजूर आणि कोरडवाहू शेतकरी झाले. हातात पैसा उरला नाही, आफ्रिकेचा हस्तिदंत परवडेना, पण हात रिकामा ठेवणेही मान्य नव्हते. बलियाच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग इथे सुरू होतो.

हस्तिदंताच्या जागी हाड आले, शिंग आले. सेल्युलॉइडने तर आणखी सोय केली. अमेरिकेत हायट बंधूंनी 1869 च्या सुमारास हा पदार्थ सिद्ध केला तो मुळात बिलियर्डच्या चेंडूत हस्तिदंताची जागा घ्यायला. ज्या सुळ्याचे टोक चेंडूला आणि बुंधा बांगडीला जात होता, त्या सुळ्याची नक्कल अखेर दोन्ही बाजारांत शिरली. विसाव्या शतकात कापूर आणि नायट्रोसेल्युलोज यांपासून बनलेला हा पदार्थ बांगड्यांच्या रूपात भारतातही विकला जाऊ लागला. गरीब घरच्या मुलीलाही त्यामुळे हातभर पांढऱ्या बांगड्या घालता आल्या. नकली म्हणून या मालाला नाक मुरडणारे संग्राहक ही गोष्ट विसरतात. दागिना सामान्य हातापर्यंत पोहोचला तो नकलेमुळेच.

त्याच काळात गावातल्या कुणब्या-मराठ्यांच्या आणि इतर घरांत कासार काचेच्या बांगड्या भरत होता. कासाराचा माल कुठून येई हे पाहिले तर फुलसावंगीसारख्या गावाचा धागा थेट मध्य युरोपाला जाऊन भिडतो. बोहेमियातले गाब्लोन्झ, म्हणजे आजच्या चेकियातले याब्लोनेत्स, हे शोभेच्या दागिन्यांचे जगातले मोठे केंद्र होते. पहिल्या महायुद्धाआधी तिथून भारतासाठी म्हणून काचेच्या बांगड्या बनून येत. युद्धाने तो माल थांबवला. नंतर जपानी काच आली, आणि हळूहळू उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादने सगळा बाजार ताब्यात घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर गाब्लोन्झच्या जर्मन कारागिरांना देश सोडावा लागला. बव्हेरियात जाऊन त्यांनी नवे गाब्लोन्झ वसवले. आज युरोप-अमेरिकेतले हौशी लोक ज्या गावाच्या जुन्या ब्रेसलेटांसाठी लिलावात बोली लावतात, त्याच गावाची बांगडी कधीकाळी भारतातल्या आठवडी बाजारांत भरली जात होती.

लाखेची बांगडी दुसऱ्या वाटेने आली. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या थेट अंमलाखाली होते, आणि त्यानंतरही 1948 पर्यंत पैनगंगेपलीकडे निजामाचेच राज्य होते. चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या, काचेचे तुकडे बसवलेल्या लाखेच्या बांगड्या प्रसिद्धच आहेत. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेलेली बाई बांगड्या भरल्याशिवाय सहसा परतत नाही. अशा जत्रांच्या बाजारात काच आणि लाख शेजारी शेजारी मांडलेली असे.

हस्तिदंताचा शेवट कायद्याने केला. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 सालचा. 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. 1989 साली वन्यप्राण्यांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात आफ्रिकी हत्तीलाही पूर्ण संरक्षण मिळाले, आणि 1991 च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापारही थांबला. हत्तींच्या कत्तलीकडे पाहता हा निर्णय योग्यच होता. खरादाचे कसब असलेले कारागीर प्लास्टिककडे वळले. तांड्यावरची बलियाही प्लास्टिकची झाली, पण रुंदी तीच, पांढरा रंग तोच, आणि अनेकदा ठिपक्याभोवतीचे वर्तुळही तेच. फेटिया-कांचळी हा घागरा-चोळीचा वेष जाऊन साडी आली, ऊसतोडीच्या हंगामासाठी घरे बाहेर पडू लागली, मुली शाळेत गेल्या, तशी हातातली रांग आखूड होत गेली. आता ती वृद्ध स्त्रियांच्या हातांवर आणि लग्न, तीज, होळी अशा प्रसंगीच दिसते.

पश्चिमेत अशा बांगड्यांना मान मिळाला तो वेगळ्याच दारातून. इंग्रज लेखिका नॅन्सी क्युनार्ड हिला आफ्रिकी हस्तिदंती कड्यांचा नाद होता. मॅन रे याने 1926 साली काढलेल्या तिच्या छायाचित्रात दोन्ही हात कोपरापर्यंत कड्यांनी भरलेले आहेत. त्या छायाचित्राने युरोपच्या फॅशनमध्ये जाड, रुंद, अनेकपदरी ब्रेसलेटांना जागा करून दिली. जे बंजारा स्त्रीच्या अंगावर मागासलेपणाची खूण समजले जाई, तेच पॅरिसमध्ये आधुनिकतेची खूण ठरले. पुढे गोव्यातल्या हणजुणेच्या बाजारात लमाणी, म्हणजे बंजाराच, विक्रेत्या स्त्रियांकडून परदेशी पर्यटक असे दागिने घेऊ लागले, आणि जुना माल तांड्यांवरून तिकडे वाहू लागला. भारतीय दागिन्यांचा मोठा अभ्यासक ऑपी उन्ट्राख्ट याने 1997 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लोकदागिन्यांना राजघराण्यांच्या दागिन्यांइतक्याच गांभीर्याने वागवले, ही त्या मानाने फार मोलाची गोष्ट. महाराष्ट्रात ती दृष्टी दिनकर केळकरांनी आधीच दाखवली होती. अडकित्ते, दिवे, फण्या यांसारख्या रोजच्या वस्तू जमवून त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले.

जुन्या बलिया ओळखायच्या त्या पदार्थावरून, कारण कारागिराची सही कुठेच नाही. हस्तिदंती कडे हे सुळ्याचा आडवा काप असल्याने त्याच्या सपाट कडेवर भिंगातून एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते. हाडावर ती नसते, त्यावर बारीक काळपट ठिपके आणि चिरा असतात. शिवाय जनावराचे हाड अरुंद, म्हणून त्यातून हाताएवढे अखंड कडे निघतच नाही, तुकडे जोडावे लागतात. अखंड रुंद कडे हाडाचे आहे असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. सेल्युलॉइड जोराने चोळले की कापराचा मंद वास येतो. साच्यातल्या प्लास्टिकवर जोडाची बारीक रेघ सापडते. तापलेली सुई टोचून पाहण्याची रीत मात्र सोडून द्यावी. त्याने वस्तू कायमची बिघडते, आणि सेल्युलॉइड पटकन पेटते.

बांगड्यांबरोबर मिळणाऱ्या दागिन्यांत नाणी ओवलेली असतात. नाण्यावरून काळ ठरवताना घाई होते. व्हिक्टोरियाचा रुपया ओवलेला दागिना तिच्याच काळचा असतो असे नाही. 1957 नंतरचा दशमान पैसा त्याच माळेत सापडला तर शेवटची ओवणी त्यानंतरची. निजामाच्या हाली सिक्क्याचे नाणे निघाले तर नदीपलीकडच्या व्यवहाराचा माग लागतो. बाजारात बंजारा म्हणून विकली जाणारी, रंगीत काचखडे आणि घुंगरू लावलेली पांढऱ्या धातूची पुष्कळ कडी प्रत्यक्षात अफगाणिस्तानातल्या कुची लोकांची, किंवा त्यांच्या धर्तीवर आज घडवलेली असतात.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. हस्तिदंती कडे भारतात विकत घेता येत नाही आणि विकताही येत नाही. शंभर वर्षांपूर्वीची पुरावस्तू ठरणारी चीज देशाबाहेर नेण्यावर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. म्हणून आज जमवण्याजोगी बलिया म्हणजे सेल्युलॉइडची आणि प्लास्टिकची, आणि नेमकी तीच सर्वांत झपाट्याने नाहीशी होत आहे. हस्तिदंताला सगळे जपतात. प्लास्टिकची बांगडी तुटली की उकिरड्यावर जाते, आणि तिच्याबरोबर गेल्या पन्नास वर्षांच्या कारागिरीचा पुरावाही जातो.

पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले आहे. फुलसावंगी, पुसद, दिग्रस पट्ट्यातल्या ज्या घरांत आजीच्या पेटीत बलियांचा जोड पडून असेल, त्यांनी तो टाकू नये. तो कोणाच्या हातात होता, कोणत्या तांड्यावर, कोणत्या बाजारातून, कोणाकडून आणि साधारण कोणत्या साली घेतला, एवढे एका कागदावर लिहून जोडाबरोबर बांधून ठेवावे.