नमते घेणारे यंत्र

यंत्रमानवाविषयी बोलण्यास कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो यंत्राला चार शिव्या हासडून खाली बसणार, असे श्रोते धरूनच चालतात. ते अगदीच चूक नाही. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले, आणि फाटकावर शिकलेले सहसा विसरत नाही. पण आज ज्या यंत्राची हकीकत सांगावयाची आहे, ते गेलेला हात परत आणण्यासाठी निर्माण झाले.

1961 साली अमेरिकेत न्यू जर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा यांत्रिक हात कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग तो उचली. त्याच्या बारा वर्षे आधी, ऑगस्ट 1949 मध्ये, एमआयटी या तंत्रशिक्षणसंस्थेतील गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांना पत्र लिहून येणाऱ्या बेकारीची सूचना दिली होती. विद्वानाने आपण होऊन युनियनला पत्र लिहावे, हे आम्हांला आजही अपूर्व वाटते. हेच वीनर 1961 मध्ये पडून रुग्णालयात गेले. तेथे डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातून, स्नायूंतील सूक्ष्म विजेवर चालणाऱ्या कृत्रिम हाताच्या कल्पनेला चालना मिळाली आणि 1968 साली ‘बोस्टन आर्म’ पुढे आला. पैसा घातला लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीने. कामगारांच्या अपघातांची भरपाई तिलाच द्यावी लागे! माणुसकीला हिशेबाची जोड मिळाली की कामे झपाट्याने होतात.

पुढे त्याच संस्थेत नेव्हिल होगन या आयरिश अभियंत्याने 1985 मध्ये तीन भागांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील गणित आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण मुद्दा कोणाही फिटरला पटेल. कारखान्यातील यांत्रिक हाताला फक्त जागा ठाऊक असे. अमक्या बिंदूवर जा म्हटले की तो जाणार, वाटेत माणूस का असेना. उलट जुन्या कारागिराचा कानस धरलेला हात पाहा. कामाच्या अंगाने तो कधी ताठ राहतो, कधी सैल पडतो. होगन यांचे म्हणणे असे, की यंत्राने नुसती जागा किंवा नुसता जोर सांभाळून भागत नाही; जोर आणि हालचाल यांतले नाते सांभाळले पाहिजे. मोटारीच्या चाकावर स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर असतात, तसे गुण यंत्राच्या हाताला द्यावयाचे, आणि ते वेळेनुसार कमीअधिक करावयाचे.

या विचारातून होगन, हर्मानो इगो क्रेब्स आणि त्यांचे सहकारी यांनी ‘एमआयटी-मॅनस’ हे यंत्र बनविले. अर्धांगवायूचा रुग्ण टेबलाशी बसतो, लुळा हात यंत्राच्या मुठीला बांधतात, आणि पडद्यावरील ठिपक्याकडे हात न्यावयाचा असतो. रुग्ण अडला तर यंत्र हलकेच नेते; त्याने स्वतः जोर केला की नमते घेते.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा उजवा हात असाच गेला. रुग्णालयाने व्यायामाचा एक कागद देऊन घरी पाठविले. त्याची बायको रोज रात्री भाकरी झाल्यावर तो हात धरून पाटावर पुढेमागे सरकवी. नवरा जोर करी तेव्हा ती आपली पकड सैल सोडी. पन्नास वेळा झाले की दोघेही थकत.

यंत्र थकत नाही. 2010 साली अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतील 127 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. एका बैठकीत यंत्र सुमारे हजार हालचाली करवून घेई. 36 आठवड्यांनी या रुग्णांचे हात नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुधारलेले दिसले. पण तिसऱ्या एका गटाला तितकेच कसून शिकविणारा माणूस दिला होता, आणि यंत्र त्या माणसाच्या पुढे गेले नाही. ते स्वस्त मात्र पडले, आणि व्यवस्थापक मंडळी कोणता रकाना आधी वाचतात हे आम्ही सांगावयास नको. 2019 मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडकडील 770 रुग्णांच्या चाचणीत तर मुख्य कसोटीवर यंत्रही सरस ठरले नाही आणि माणसाचा जादा उपचारही नाही.

होगन यांचे काम यामुळे वाया गेले असे आम्ही मानत नाही. माणसाने ढकलले तर मागे सरणारे यंत्र आम्ही फाटकाच्या आत कधी पाहिले नव्हते. परंतु एखाद्या रुग्णालयाने असे यंत्र मागविले, तर तेथील फिजिओथेरपिस्टच्या किती जागा रिकाम्या आहेत, एवढे आम्ही जरूर विचारू.