राजीनामा : एक शब्द, दोन अर्थ

गेल्या महिन्यात नववीच्या वह्या तपासत होते. मराठीच्या तासाला शब्द दिला होता, ‘राजीनामा’. वाक्यात उपयोग करा. एका मुलीने लिहिले होते : ‘दोन भावांचे भांडण झाले, मग त्यांनी राजीनामा केला.’ लाल पेनाने फुली मारली आणि हात थांबला. ती मुलगी उर्दू माध्यमाची. उर्दूत राजीनामा म्हणजे सुलहनामा, दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद. पद सोडण्याला आपण उर्दूत इस्तीफा म्हणतो. मराठीत मात्र तोच फारसी शब्द ‘मी पद सोडतो’ यासाठी रूढ झाला. जमीन सोडून देणाऱ्या कुळाच्या लेखी कबुलीलाही जुन्या महसुली दफ्तरात राजीनामाच म्हणत.

मी फुली खोडली. पण राजी होणे आणि सोडून जाणे हे एकाच शब्दात कसे राहू शकतात, हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग आठवले ते १९५६ साल.

मी राहते ते खारघर पनवेल तालुक्यात येते. पनवेल, उरण हा सगळा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. या कुलाब्यातून १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवारीवर लोकसभेत गेले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्म, आयसीएस परीक्षेत पहिला नंबर, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून नेहरूंचे अर्थमंत्री. हाडाचे राजकारणी ते कधीच नव्हते.

राज्य पुनर्रचनेचा वाद पेटला, तेव्हा महाराष्ट्राचे एकच म्हणणे होते, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. नोव्हेंबर १९५५ पासूनच्या या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे गेली. हुतात्मा चौकातून आपण बस पकडायला धावतो, तो चौक त्यांचा आहे.

जुलैमध्ये देशमुखांनी अर्थमंत्रीपद सोडले. लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट मांडल्या. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न करता जाहीर झाला. आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हायला हवी होती, ती नाकारली गेली. नेहरूंनी पहिला आरोप मान्य केला नाही. पण देशाचा अर्थमंत्री भर सभागृहात पंतप्रधानांना सांगतो की तुमची पद्धत चुकली, हे त्या काळी सोपे नव्हते.

आता दुसरे नाव. यशवंतराव चव्हाण. तेव्हा ते मोरारजी देसाईंच्या मुंबई राज्य मंत्रिमंडळात होते. संयुक्त महाराष्ट्र त्यांनाही हवा होता. पण डिसेंबर १९५५ मध्ये फलटणला त्यांनी जाहीर केले की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू. हे बोलणे महाराष्ट्राने त्यांना बरीच वर्षे माफ केले नाही. अत्र्यांच्या ‘मराठा’ने त्यांना सोलून काढले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली, खुद्द चव्हाण कराडमध्ये अगदी थोड्या मतांनी वाचले.

शाळेत आपण सोपे शिकवतो. एक तत्त्वनिष्ठ, दुसरा पक्षनिष्ठ. एकाला शंभर गुण, दुसऱ्याला शून्य. पण पुढे काय झाले ते पाहा. देशमुखांच्या राजीनाम्याने मुंबई लगेच मिळाली नाही. काही आठवड्यांतच संसदेने विशाल द्विभाषिक मुंबई राज्य पत्करले, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे मुख्यमंत्री झाले चव्हाण. नोव्हेंबर १९५७ मध्ये नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा काळे झेंडे घेऊन लोक वाटेवर उभे होते. ते निशाण दिल्लीला दिसत होते. आणि हे द्विभाषिक चालणार नाही, हे दिल्लीला पटवून देणारा माणूस पक्षाच्या आतही होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तो रस्त्यावरच्या लोकांनी, अमर शेखांसारख्या शाहिरांनी, हुतात्म्यांच्या घरांनी मिळवला. आत राहिलेल्यांचाही त्यात वाटा आहे, हे नाकारता येत नाही.

देशमुखांवरही प्रश्न आहेतच. जानेवारीची घोषणा आणि जुलैचा राजीनामा, मध्ये सहा महिने का? शिवाय देशमुखांच्या मागे ना कार्यकर्ते होते, ना तालुक्या-तालुक्यांतले गट. एकट्या माणसाला उठून जाणे जमते. ज्याच्या उठण्याने शंभर जण उघड्यावर पडतात, त्याचा हिशेब वेगळा असतो. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. पद सोडल्यावर त्याच वर्षी देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पंतप्रधान नेहरूच, शिक्षणमंत्री मौलाना आझाद. मतभेद झाला म्हणून माणूस गद्दार ठरला नाही.

आज हा शब्द किती स्वस्त झाला आहे! १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने निष्ठा मोजायची सोय केली. पक्षादेश मोडून एकट्याने मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. दोन-तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर संरक्षण मिळते. म्हणजे ज्याला जमीर आहे पण सोबती नाहीत, त्याच्यासाठी कायदा कडक आणि झुंडीसाठी मऊ. २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्या राज्यात दोन पक्ष फुटले. दोन्ही वेळी दोन्ही बाजू उसूलांबद्दलच बोलत होत्या.

पण नेत्यांना नावे ठेवून लेख संपवणे मला बरे वाटत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत शिकवत होते. एका तरुण शिक्षिकेचा तीन महिन्यांचा पगार अडकवून ठेवला होता आणि वर तिच्याकडूनच सगळे मिळाल्याची सही मागितली जात होती. बैठकीत विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, कौमची संस्था आहे, बाहेर बदनामी नको. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. तिने सही केली आणि ती निघून गेली. घरी येऊन अम्मीला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तू काही बोलली नाहीस?”

त्या वेळी मी स्वतःला समजावले होते की आत राहून बदल करता येतो. चव्हाणांचाच युक्तिवाद. फरक इतकाच की चव्हाणांनी आत राहून काम केले, मी फक्त आत राहिले. पुढच्या दोन वर्षांत एकदाही मी तो विषय काढला नाही. वफादारी म्हणून जे मिरवत होते, ती नोकरीची भीती होती.

म्हणून आता माझी कसोटी साधी आहे. निघून गेला की थांबला, हे नंतर पाहू. गेला असेल तर जाताना कारण मोठ्याने सांगितले का? थांबला असेल तर थांबून काय केले? देशमुख पहिल्या प्रश्नाला उतरतात, चव्हाण दुसऱ्याला. मी कुठल्याच प्रश्नाला उतरले नाही.

त्या मुलीच्या वहीत शेवटी मी लिहिले : ‘उर्दूत बरोबर, मराठीत अर्थ वेगळा, उद्या भेट.’ दुसऱ्या दिवशी ती आली. दोन्ही अर्थ तिला समजावले. ती जरा विचार करून म्हणाली, “मॅडम, म्हणजे मराठीत भांडण मिटत नाही का?”

मिटते बेटा. कधी थांबून मिटते, कधी निघून गेल्यावर. गप्प बसून मिटलेले मात्र मी अजून पाहिलेले नाही.