सोलापुरी चादर
सोलापूर येथे विणली जाणारी जाड, टिकाऊ सुती चादर. सामान्य घरांतील उपभोगसंस्कृतीची, म्हणजे तयार वस्तू विकत घेऊन वापरण्याच्या रीतीची, ही ठळक खूण होय. सोलापुरात रेल्वे (१८६०) आणि पहिली कापडगिरणी (१८७७) आल्यानंतर रोख मजुरी व तयार मालाची खरेदी वाढली. सोलापुरातील सिद्धेश्वराची गड्डा यात्रा हाही खरेदीचा मोठा प्रसंग ठरला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग, पुढे यंत्रमाग वाढवले. जकार्ड यंत्रणेमुळे चादरीच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट रंगांत नक्षी उठते. अंथरूण-पांघरूण आणि लग्नातला आहेर म्हणून ती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.