सीमाभागातील डफ आणि चौंडके

महात्मा फुल्यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुढे, अक्षरशत्रू कुणब्यापर्यंत आपला विचार पोहोचावा म्हणून, गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा रूढ साचा उचलून जलसा उभा केला, तेव्हा चावडीपुढे बसलेल्या माणसाला असे गाणे ऐकू आले की ज्यात सावकाराचे खत, भटजीची दक्षिणा आणि मुलांची शाळा ह्या त्याच्या घरच्या बाबींचा जाब खुद्द त्यालाच विचारलेला होता. ही चळवळ शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर संस्थानात फोफावली. निपाणी-चिकोडीचा मुलूख त्या संस्थानाच्या शिवेला लागून, म्हणून एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली निपाणीतच भरली ह्याचे मला नवल वाटत नाही.

परंतु निपाणीच्याच बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीच्या डोंगरावर, दुसरेही एक समूहगान पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. गळ्यात कवड्यांची माळ घालून चौंडके-तुणतुण्याच्या साथीने यल्लम्मेला आळवणाऱ्या जोगतिणींच्या गाण्यांत करुणा आहे, लयीची विलक्षण जाण आहे. तरीही मुलीला देवीच्या नावाने सोडण्याच्या ज्या रूढीला १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा आवर घालू शकला नाही आणि जिच्यासाठी कर्नाटकाला १९८२ साली पुन्हा कायदा करावा लागला, तिला ह्याच गाण्यांनी पावित्र्य दिले, हे दुःखाने नमूद केले पाहिजे. जोगतीण आपली फिर्याद देवीपुढे मांडते, जलसा ती समोर बसलेल्या माणसांपुढे मांडतो. समूहगीताने समाज हलतो की जागच्या जागी जखडला जातो, हे माझ्या मते ह्या एका भेदावर ठरते.

जलशाचा हा वारसा अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून पुढे नेला. बेळगावच्या साहित्य संमेलनाने १९४६ सालीच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला होता. पण ठराव शिकलेल्यांपुरता राहतो, आणि गिरणीत राबणाऱ्या गड्याला तो प्रश्न आपल्या काळजाचा वाटला तो अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ ह्या छक्कडीने. पोटासाठी मुंबई गाठलेल्या माणसाचा, गावी राहिलेल्या पत्नीसाठीचा विरह गाता गाता शाहीर थेट मुलखाच्या ताटातुटीवर येतो, बेळगाव-कारवारची नावे घेतो, आणि ज्याने बेळगाव कधी पाहिलेही नाही अशा श्रोत्याला ते गाव आपल्याच बिऱ्हाडाचा तुटलेला भाग वाटू लागते.

ह्याच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपायी १७ जानेवारी १९५६ रोजी सीमाभागात गोळीबारात माणसे पडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, तर बेळगाव म्हैसूरला देण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी झाली नाही, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ह्या साऱ्या कागदपत्रांबरोबर आणखी एक नोंद ठेवावीशी वाटते, कारण तिच्यावाचून सीमाभागातील गाण्याची हकिकत एकांगी होईल: १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेस भरली, तेव्हा तिथे हुईलगोळ नारायणरावांचे कन्नड नाडूच्या उदयाचे गीत गायिले गेले होते, आणि आपला विखुरलेला मुलूख एक व्हावा ही तळमळ त्यातही तितकीच खरी होती.