दहा रुपयांच्या अर्जाची कुळकथा

माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, जोडपत्र 'अ'. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. खाली विषय: अमुक सर्व्हे नंबरवरील इमारतीच्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या (सीसी) आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या (ओसी) प्रती. वसई-विरारमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाला हा कागद लिहिता यायलाच हवा.

इंग्रजांनी 1923 साली शासकीय गोपनीयतेचा कायदा केला. ते गेले, पण फाइल झाकायची सवय राहिली. तिला पहिला धक्का दिला राजस्थानातल्या मजुरांनी. मजुरी कमी मिळते, तर हजेरीपट दाखवा, एवढंच त्यांचं मागणं. 1994 मध्ये जनसुनवाया सुरू झाल्या, सरकारी नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या गेल्या, आणि कामावर न आलेल्यांच्या नावे उचललेली मजुरी उघडी पडली. महाराष्ट्राचा 2000 सालचा माहिती अधिकाराचा कायदा पोकळ निघाला. अण्णा हजारे उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ऑगस्ट 2003 मध्ये नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला: 30 दिवसांत उत्तर, नाहीतर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड.

माहिती मागण्याची किंमतही मोजावी लागली. या कायद्याच्या आधारे जमीन घोटाळे बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींचा 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाड्यात खून झाला.

आमच्या वसई-विरार महापालिकेत जून 2020 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. सभागृह नाही, तर आयुक्तांना जाब विचारणार कोण? उरला तो हा अर्ज. याच काळात नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या 41 अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. ऑगस्ट 2025 मध्ये विरारच्या विजयनगरमधली अनधिकृत इमारत कोसळून 17 जण गेले. मजले चढत होते तेव्हा त्या प्रभागाचा अधिकारी कोण होता, हे कळणं रहिवाशांचा हक्क आहे.

नेमकं तेच उत्तर आता अडू शकतं. जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं वाक्य माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहितीला सूट देणाऱ्या कलम 8(1)(ञ) खाली होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या डेटा संरक्षण कायद्याने ते गेलं. आता 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं झालं आहे. पण व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारं कलम 8(2) शाबूत आहे. अर्जात ते लिहा, आणि नकार आला तर अपील कराच.