लेखणीची बिदागी



या शताब्दी ग्रंथाचं काम आषाढी करून आल्यावर हाती धरलं. दिंडीच्या जुन्या चोपड्या पेटीतून काढल्या, तर पहिल्या काही वर्षांच्या मोडीत निघाल्या. कोण कोण चाललं, कुणी किती शिधा घातला, बैलगाडीला काय द्यावं लागलं, सगळं त्यात. पण मोडी वाचणारं आमच्यात आता कुणी उरलं नाही. मग नगरहून एक जाणकार गृहस्थ आणले. त्यांनी चोपड्या उलगडून पाहिल्या आणि पानामागे किती पडतील ते सांगितलं. आमच्यातलेच एक वडीलधारे बोलून गेले, "अहो, हे देवाचं काम. याचे पैसे कसले घेता?" ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "देवाच्या कामाला मी वारीत चालतो, माझी भिशी भरून. हे माझ्या पोटाचं काम आहे." देवळात कुणी काही बोललं नाही. चहा आला, विषय कागदाच्या भावाकडे वळला.

पण बोल लागायचा तो लागलाच. लिहिणाऱ्यानं फुकट लिहावं का, आणि आपल्या संप्रदायात आजवर काय चाललं, हे जमेल तसं शोधायचं आम्ही ठरवलं. लांब जावं लागलं नाही. बरंचसं आपल्या जिल्ह्यातच सापडलं.

सुरुवात नेवाशाची. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. प्रवरेकाठी ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरून घेतलं. ज्या खांबाला माउली टेकले असं सांगतात त्याला पैसाचा खांब म्हणतात. नवखा माणूस ऐकतो पैशाचा खांब, आणि हसतो. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. ग्रंथाच्या शेवटी काळ, ठिकाण आणि लिहिणाऱ्याचं नावही नोंदलेलं आहे. सच्चिदानंदबाबांना मृत्यूच्या दारातून माउलींनीच परत आणलं, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. ज्याला जीव परत मिळाला तो ओवीमागे काय मागणार? त्यांचं लिहिणं ऋण फेडण्याचं होतं.

पुढे तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ते शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली. गुरू जनार्दनस्वामींच्या घरी देवगिरीला हिशेब लिहून ज्यांचा हात बसला, त्यांनीच हे काम केलं. एका दमडीच्या चुकीसाठी रात्रभर जागल्याची त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

आता हे सगळे थोर लोक. मधे जे शेकडो नकलनवीस झाले त्यांचं काय? त्यांना मोबदला मिळत असे, हे आम्हाला या शोधातच कळलं. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरायचा, पोथीत असे किती ग्रंथ भरतात ते मोजायचं, आणि त्यावर लिहिण्याचं मोल ठरवायचं, अशी ती जुनी रीत. पोथीच्या शेवटी नकलणारा आपलं गाऱ्हाणंही घालून ठेवी: पाठ वाकली, मान आखडली, नजर गेली, एवढ्या कष्टानं लिहिलंय, तेव्हा हे तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. धर्माचीच पोथी होती ती, मोल घेतलं म्हणून ती बाटली असं कुणी म्हटलं नाही. तिची पूजाच झाली.

तुकोबारायांचे अभंग उतरून घेणाऱ्यांत संताजी जगनाडे महाराजांचं नाव पहिलं येतं, तसंच कडूसच्या गंगारामबुवा मवाळांचं. संताजी महाराज चाकणचे तेली. घाणा चालवायचा, तेल विकायचं, संसार करायचा, आणि तुकोबांच्या मागे टाळ धरून जे कानी पडेल ते वहीत उतरायचं. लिहिण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण तेलाचे घेतले. आजही बहुतेक वारकरी असाच जगतो: बाजारात कांदा विकताना भाव करतो, वीणा हाती घेतली की करत नाही. यात खोटं काहीच नाही. मात्र यासाठी आधी घाणा असावा लागतो.

सगळ्यात खोल जाऊन विचार करायला लावलं ते महिपती महाराजांनी. राहुरी तालुक्यातलं ताहराबाद आपल्याला लांब नाही, आपल्यातले किती तरी जण तिथं दर्शनाला जाऊन आले आहेत. महाराजांचा जन्म 1715 चा, 1790 साली ते गेले. घराण्यात गावचं कुलकर्णीपण होतं. म्हणजे लिहिणं हाच त्यांचा धंदा: वसुलाचे आकडे, जमिनीचा झाडा, पत्रं, पावत्या. आणि ते लिहिणं फुकटचं नव्हतं, त्यामागं वतन होतं, गावावर हक्क होते.

गोष्ट अशी सांगतात. महाराज पूजेला बसले होते. जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपू दे म्हटलं तर त्यानं ऐकलं नाही, वेडंवाकडं बोलला. महाराज उठून गेले, जे काम होतं ते पुरं करून दिलं, घरी आले, आणि कानावरची लेखणी काढून देवापुढं ठेवली. आजपासून ही लेखणी चाकरीसाठी चालणार नाही, संतांची चरित्रं लिहील, असा नेम केला. पुढं त्याच लेखणीतून संतलीलामृत आलं, 1762 साली सत्तावन्न अध्यायांचा भक्तविजय, 1774 साली भक्तलीलामृत. नामदेवरायांपासून बहुतेक संतांच्या ज्या गोष्टी आपल्या आयाबायांच्या तोंडी आहेत, त्या घराघरांत पोचवण्यात या पोथ्यांचा वाटा फार मोठा आहे.

ही गोष्ट आजवर आम्ही त्यागाची म्हणून सांगत आलो. या वेळी तीच पुन्हा सांगताना दोन गोष्टी नव्यानं दिसल्या. एक, महाराजांनी अर्धवट काम टाकून नेम केला नाही. ज्याचं वेतन खाल्लं त्याचं काम पुरं केलं, मगच लेखणी खाली ठेवली. दुसरी जास्त मोठी. लेखणी देवापुढं ठेव म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताहराबादच्या गावकऱ्यांनी बैठक घेऊन 'कुलकर्णी, आता फुकट लिहा' असा ठराव केला नव्हता. तसा केला असता तर आज आपण त्याला त्याग म्हटलं असतं का? आम्हाला वाटतं, वेठ म्हटलं असतं.

कीर्तनाचा नेमही असाच नीट ऐकावा लागतो. जिथं कीर्तन करायचं तिथं अन्न घेऊ नये, मोल घेऊ नये, देणारा आणि घेणारा दोघेही बुडतात, असं तुकोबांनी कडक शब्दांत बजावलं आहे. आज पाकिटावरून आणि तारखांवरून जे चालतं ते आपण बघतोच, त्यावर इथं जास्त लिहीत नाही. पण तुकोबा ते कुणाला सांगतात? कीर्तनकाराला. स्वतः पाळण्यासाठी. मांडवाला, स्पीकरला, जेवणावळीला हजारो रुपये मोजून मृदंगवाल्या पोराला नारळावर बोळवणाऱ्या यजमानाच्या हाती तो अभंग ढाल म्हणून दिलेला नाही.

विष्णुबुवा जोगांनी तो नेम स्वतःवर घेतला. कीर्तनाचे पैसे ते घेत नसत. 1917 साली त्यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, मुलांकडून फी नाही. पण मुलं जेवत कशी? माधुकरी मागून. म्हणजे आळंदीतल्या घराघरातली बाई रोज भाकरी घालत होती तेव्हा ते फुकटचं शिक्षण चाललं. फुकट कधीच फुकट नसतं माउली, कुणीतरी भाकरी थापतच असतं.

छापखाने आले तसा हिशेब आणखी बदलला. तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्याची मोठी प्रत 1869 आणि 1873 अशा दोन भागांत निघाली, मुंबई सरकारच्या अनुदानातून. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या त्यासाठी पाहिल्या. ज्या अभंगांचं मोल तुकोबांनी घेतलं नाही, ते शुद्ध करून छापायला मात्र पैसा लागला, आणि सरकारनं तो दिला. त्यात वावगं काय? कंपोझिटरच्या घरी चूल असतेच.

आता आपल्या गावाकडं. हिवरे बाजारला मोबदला न घेता केलेल्या कामाचं महत्त्व बाहेरच्यानं येऊन सांगायला नको. 1972 च्या दुष्काळानंतर गाव कसं मोडलं, पोरं नगर-पुण्याला कशी गेली, हे अजून डोळ्यांपुढं आहे. 1989 नंतर पोपटराव पवार सरपंच झाले, पुढं आदर्श गाव योजना आली, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी यांच्या जोडीनं श्रमदान हे पंचसूत्रीतलं एक सूत्र झालं. हातात टिकाव घेऊन गाव डोंगरावर गेलं. पण बाहेरून पाहायला येणारी माणसं एक गोष्ट सोडून देतात: पाणलोटाच्या कामात रोजगार हमीची मजुरीही होती. नुसत्या श्रमदानावर डोंगर बांधला गेला नाही. ज्याच्या घरी संध्याकाळचं पीठ नाही त्याला मजुरी लागते, आणि ती घेऊनही तो गावचाच माणूस असतो. शिवाय श्रमदानाचं पाणी मुरलं ते सगळ्यांच्याच विहिरींत. एकट्याच्या विहिरीत मुरणार असतं तर दुसऱ्या दिवशी डोंगरावर कोण गेलं असतं?

त्या मापानं आम्ही हा ग्रंथ मोजला. छापखान्याला पैसे, कागदाला पैसे, बांधणीला पैसे, मुखपृष्ठाच्या फोटोला पैसे. शुभेच्छांच्या जाहिराती पानापानानं घेतल्या, त्याचे पैसे आले. दिंडीत ट्रकवाल्याला भाडं देतो, आचाऱ्याला मजुरी देतो, टँकरला देतो. मग सगळ्यांना देऊन झाल्यावर फक्त लिहिणाऱ्यापाशी येऊन देव कसा आठवतो?

मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना ठरल्याप्रमाणे पानामागे पैसे दिले, ग्रंथ छापायला जायच्या आधी दिले, आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफीही मागितली. गावातल्या ज्या मुलीनं सगळा मजकूर संगणकावर बसवला, तिला नगरच्या दरानं दिले; ती नको नको म्हणत होती, पण तिची फी भरायची आहे हे आम्हाला ठाऊक होतं. आठवणी लिहिणाऱ्यांना आम्ही एकेकाच्या घरी जाऊन विचारलं. देवळात, चारचौघांत, विठ्ठलाच्या समोर विचारलं की माणसाला हो म्हणता येत नाही, आणि मग न घेण्यातही राम राहत नाही. बहुतेकांनी हात जोडले, काही नको म्हणाले. दोघांनी घेतले. कुणी घेतले आणि कुणी नाही याची यादी कुठंही छापलेली नाही, विचारूही नये. हा लेख लिहिणाऱ्या आम्ही तिघांनी काही घेतलं नाही. आमचं दुधा-कांद्यावर भागतं, आणि आम्हाला कुणी घ्या म्हणून आग्रहही केला नाही, हेही खरं सांगून टाकतो.

शेवटच्या पानावर जमाखर्च दिला आहे. त्यात 'लेखन व मोडी वाचन' अशी वेगळी ओळ आहे. देवळात पहिल्यांदा बोललेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना ती ओळ अजून पटलेली नाही. 'आमच्या आज्यानं चोपडी लिहिली ती काय पैशासाठी?' असं ते परवाही म्हणाले. त्यांच्या आज्याची ती चोपडी आज वाचता येते, ती मोडी वाचणारा पैसे घेऊन बसला म्हणून, असं आम्ही त्यांना म्हटलं. त्यावर ते हसले, पण हो म्हणाले नाहीत.