फळमाशीची गणती : एका टेहळणीचा पूर्वेतिहास

मराठीतील पीकरोगांची नावे पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. भुरी, करपा, तांबेरा, तेल्या, डिंक्या ही नावे रोगाच्या कारणाची नव्हेत, तर त्याने उमटविलेल्या खुणेची आहेत. पानावर राखेसारखा थर दिसला की ती भुरी. पान भाजल्यासारखे झाले की करपा. डाळिंबावर तेलाचा डाग पडावा तसा डाग दिसला की तेल्या. विदर्भातील संत्राबागाइतदारांचा ‘कोळशी’ हा शब्द या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. संत्र्याच्या पानांवर चढणाऱ्या काळ्या थरावरून हे नाव पडले. वस्तुतः तो थर म्हणजे एक बुरशी होय, आणि ती बुरशीही मूळ अपराधी नव्हे. काळी माशी नावाचा बारीक कीटक पानांतील रस शोषून चिकट, गोड स्राव टाकतो व त्या स्रावावर ही बुरशी वाढते. शब्दाने पकडले ते या साखळीचे शेवटचे टोक. मावा, तुडतुडे अशी प्रत्यक्ष कीटकांची नावे भाषेत नाहीत असे नाही. परंतु तेथेही कीटक डोळ्यांना दिसतो म्हणूनच त्याला नाव मिळाले.

या नामकरणास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. खूण ओळखावी आणि उपायास लागावे, एवढ्या व्यवहारास ती नावे पुरेशी होती. प्रश्न उभा राहतो तो खूणच न देणाऱ्या किडीपाशी. आंब्यावरील फळमाशी ही अशी कीड आहे.

या माशीची मादी पक्वतेकडे झुकलेल्या फळाची साल टोचून सालीखाली अंडी घालते. टोचलेली जागा इतकी सूक्ष्म असते की फळ निवडणाऱ्या सरावाच्या डोळ्यांतूनही ती निसटते. एकदोन दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर येतात, गर पोखरतात व पूर्ण वाढ झाल्यावर जमिनीत शिरून कोषावस्थेत जातात. आंबा पेटीत भरताना निर्दोष दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी कापल्यावर सडलेला निघतो. (हापूसचा ‘साका’ही कापल्यावरच कळतो, पण ती फळाच्या अंतर्गत घडणीतील विकृती असून तिचा कोणत्याही किडीशी संबंध नाही. बाजारात मात्र दोहोंचा दोष बागाइतदाराच्याच माथी बसतो.) बोलीत या प्रसंगी ‘आंब्यात अळी पडली’ असे म्हणतात. ‘कीड लागली’, ‘रोग आला’ यांप्रमाणेच येथेही क्रियापद अकर्मक आहे. अळी पडते, तिला कोणी आणून घालीत नाही. ‘फळमाशी’ हा शब्द घडणीनेच याहून निराळा होय. त्यात खूण नाही, कर्ता आहे. तो कर्ता बागेत किती संख्येने व केव्हा वावरतो हे फळ बिघडण्यापूर्वी जाणणे, हाच टेहळणीचा अर्थ.

हे जाणण्याचे साधन सापडले ते योगायोगाने, व आंब्याच्या बागेत नव्हे. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कृषिसंशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करीत होते. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ (१९०९) या ग्रंथास त्यांचे साहाय्य झाले होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास दूर राहावेत म्हणून सिट्रोनेला गवताचे तेल वापरले. त्या वासावर फळमाश्यांचे थवे येऊन त्याला त्रास देऊ लागले. दुसऱ्या कोणी रुमाल झटकून विषय सोडला असता. हाउलेट यांनी माश्या तपासल्या आणि त्या सर्व नर असल्याचे त्यांना आढळले. १९१२ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले व १९१५ च्या निबंधात तेलातील आकर्षक द्रव्य म्हणून मेथिल युजेनॉलचा निर्देश केला. हे द्रव्य तुळशीच्या काही प्रकारांच्या तेलातही असते. नर ते सेवन करतात आणि त्यापासून मादीला आकृष्ट करणारा गंध आपल्या शरीरात घडवितात, हा उलगडा मात्र पुष्कळ पुढचा आहे.

या शोधाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग जवळजवळ चार दशकांनी, आणि परदेशात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्वेकडील फळमाशी हवाई बेटांत शिरली. तिचा पाठलाग करताना एल. एफ. स्टाइनर यांनी १९५२ मध्ये मेथिल युजेनॉलची उपयुक्तता नव्याने मांडली. पुढे मारियाना समूहातील सुमारे ८५ चौरस किलोमीटरच्या रोटा बेटावर हे द्रव्य व कीटकनाशक यांत भिजविलेले तुकडे टाकून त्या माशीचे निर्मूलन करण्यात आले. त्याचा वृत्तांत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली होती. कीड दिसली की फवारणी, याऐवजी अमुक संख्येपुढे गेली तरच फवारणी, असा हा विचार होता. गणतीवाचून या विचाराला अर्थ नाही, आणि सापळ्यावाचून फळमाशीची गणती नाही.

कोकणात १९७२ मध्ये दापोली येथे कृषिविद्यापीठ स्थापन झाले. फळमाशीसाठी या विद्यापीठाने तयार केलेला मेथिल युजेनॉलचा ‘रक्षक’ सापळा बागाइतदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सापळ्याला हे नाव देणाऱ्याने शेतकऱ्याचे मन ओळखले होते, यात संशय नाही. तथापि नाव थोडे अधिक सांगते. सापळ्यात पडतात ते नर, आणि अंडी घालते ती मादी. उरलेला एकेक नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो. त्यामुळे सापळा भरला याचा अर्थ फळ वाचले असा होत नाही. पहिल्या प्रथम तो मोजण्याचे साधन आहे. आठवड्याआठवड्याची संख्या लिहून ठेवली तर माशीचा चढ केव्हा सुरू झाला ते दिसते व काढणी, वेचणी यांचा निर्णय त्यावरून घेता येतो. संख्या न लिहिता केवळ टांगलेला सापळा हा अर्धाच सापळा होय.

गणतीची किंमत केवढी असते हे २०१४ मध्ये दिसून आले. भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत २०१३ साली कीड आढळल्यावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा व चार भाज्यांच्या आयातीस बंदी केली. त्यांत हापूसही अडकला, आणि तोही ऐन हंगामात. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. युरोपास जाणाऱ्या आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया अवलंबण्यात आली. तिच्यामुळे फळातील अळी मरते. बागेतील माशी तेथेच राहते.

रोटा हे बेट होते, कोकणातील आमराया बेट नव्हेत. कुंपणापलीकडे रस्त्याकडेचे रायवळ असतात, परसातला पेरू असतो. पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडलेली, कोणी न उचललेली फळे असतात. एका बागाइतदाराने पडलेली फळे वेचून खोल पुरली व शेजाऱ्याने तशीच ठेवली, तर पहिल्याच्या सापळ्यातील आकडा उतरत नाही. त्या आकड्यात दोघांच्याही माश्या असतात.